शटर लागत नाही, कारण बोटीची शेपटी बाहेर आहे

पत्र (थोडं कापून देतेय):

ताई नमस्कार. मी नाशकातल्या एका छोट्या पॅडलिंग क्लबची सेक्रेटरी, वय २८, पद माझ्या गळ्यात पडलं कारण त्या मीटिंगला मीच उशिरा पोचले. गंगापूर रोडच्या बाजूला नदीकाठी आमची पत्र्याची शेड आहे, त्यात कयाक, कनू (पॅडलने मारायच्या अरुंद होड्या), एक ड्रॅगन बोट, म्हणजे पुढे ड्रॅगनचं डोकं नि मागे शेपटी असलेली लांबलचक बोट, आणि इतक्या वर्षांत ज्याने ज्याने जे आणून टाकलं ते सगळं. तीन लांबलचक वल्ही आहेत, ती कोणाची कोणालाच माहीत नाही. ड्रॅगन बोटीची शेपटी दाराबाहेर येते म्हणून शटर पूर्ण लागत नाही. मागच्या वर्षी एका रविवारी सफाई ठेवली, चाळीस मेंबरपैकी अकरा आले, नऊ वाजता सगळ्यांनी मिसळ खाल्ली आणि त्यातले चार तिथूनच घरी गेले. बाकीच्यांनी सामान बाहेर काढलं, मग प्रत्येक वस्तूवर वाद, चार वाजता ढग आले आणि सगळं परत आत कोंबलं. नाना म्हणून आमचे सगळ्यात जुने मेंबर आहेत, ते काहीच टाकू देत नाहीत, बोटी वर पत्र्याला लागून बांधतात, सोडवायला अर्धा तास जातो. आणि त्या दिवशीच्या गडबडीत कोणीतरी दोन जुनी लाकडी पॅडलं भंगारात दिली, ती एका मेंबरच्या वारलेल्या वडिलांची निघाली, तो तेव्हापासून येतच नाही. आता कमिटी म्हणतेय दसऱ्याच्या आत शेड चकाचक करा. नानांना कसं आवरू, माणसं कशी जमवू, आणि उंदरांना औषध घालू का?
— शेडमध्ये अडकलेली

अगं शेडमध्ये अडकलेली,

मिसळ खाऊन पळालेल्या चौघांपर्यंत हसत वाचलं, मग पॅडलांचं वाचून गप्प बसले, कारण असा घोळ मीही घातलेला आहे. आमच्या ट्रेकिंग ग्रुपचं सामान बरीच वर्षं माझ्याकडे होतं, म्हणजे पंचवटीतल्या घराच्या माळ्यावर, दोर, हार्नेस, दोन फाटके तंबू आणि कोणाचा तरी एकच बूट. एका रविवारी आम्ही पाच जणींनी ठरवलं की आज फडशाच पाडायचा. दुपारी तीनपर्यंत नाकातोंडात धूळ, कंबर मोडलेली, आणि समोर दोन दोर, एक बाद केलेला आणि एक त्याच वर्षी घेतलेला, दोन्ही सारखेच मळके. कोणीतरी विचारलं कुठला ठेवायचा गं, मी म्हटलं हा ठेव, आणि दुसरा शेजारच्यांना गच्चीवर टाकी चढवायला देऊन टाकला. पंधरा दिवसांनी अंजनेरीला जायच्या आदल्या रात्री पिशवी उघडली तर आत बाद दोर. नवा दोर शेजारच्यांच्या टाकीला. रात्री साडेदहाला त्यांची बेल वाजवून दोर परत मागताना जी लाज वाटली ती अजून आठवते, पण बेल वाजवली नसती तर काय झालं असतं ते मी आठवत बसत नाही.

तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे, काय ठेवायचं काय काढायचं हे ज्या दिवशी ठरवायचं त्या दिवशी काही उचलायचं नाही, आणि ज्या दिवशी उचलायचं त्या दिवशी काही ठरवायचं नाही. तुमचा मागच्या वर्षीचा रविवार का बिघडला तर अकरा दमलेली माणसं उन्हात उभी राहून एकेका फुटक्या बादलीवर मतदान करत होती. दमलेला माणूस एकतर म्हणतो राहू दे, नाहीतर म्हणतो फेक. ती लाकडी पॅडलं 'फेक'वाल्या मिनिटात गेली बघ.

म्हणून पहिली गोष्ट, कमिटीला सांग दसऱ्याच्या आत फक्त यादी होईल, उचलाउचल नाही. आपल्याकडे परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही येतो, मागच्या वर्षी चार वाजता ढग आले म्हणतेस तर परत तोच जुगार कशाला. नवरात्रात निम्मे मेंबर कालिकेच्या यात्रेत नाहीतर गरब्यात. आणि दिवाळीच्या आधी तर मुळीच नको, ज्यांनी घरचे माळे आवरलेत त्यांना परत दुसऱ्याचा माळा दाखवला की माणसं फोनच उचलत नाहीत. तुळशीचं लग्न झालं की त्यानंतरचा रविवार धर, कोरडी हवा, थंडीची सुरुवात, शाळांची सुट्टी संपून लोक ताळ्यावर आलेले. खंडेनवमीला पॅडलांची पूजा करायची असेल ती आहे त्या पसाऱ्यात करा, देवीला पसारा चालतो.

आणि हो, यादी पितृपक्षातच सुरू करा. नवीन काही घ्यायचं नाही म्हणतात ना त्या पंधरवड्यात, मग जुनं मोजायला काय हरकत आहे.

यादी म्हणजे मोबाईलमधली नोट नव्हे हं. शाळेत नाहीतर झेडपीत नोकरी केलेलं कोणीतरी तुमच्यात असेलच, त्यांना विचार डेडस्टॉक रजिस्टर म्हणजे काय, डोळे चमकतील त्यांचे. जाडजूड लांब वही आणायची, प्रत्येक वस्तूला नंबर, मग काय आहे, किती आहे, कोणाकडून आलं, कोणाचं आहे, अवस्था काय, आणि शेवटच्या रकान्यात काय करायचं. यातला 'कोणाचं आहे' हा रकाना सोडून बाकी सगळं एखाद्या वेळी चुकलं तरी चालेल. क्लबात निम्म्या गोष्टी क्लबच्या नसतातच, कोणीतरी गावाला जाताना ठेवलेल्या असतात, कोणीतरी वापरा म्हणून दिलेल्या असतात पण दान केलेल्या नसतात, आणि या दोन्हींत जो फरक आहे तो फक्त त्या माणसाच्या डोक्यात असतो. संध्याकाळी दोन दोन तासांच्या तीन चार फेऱ्या करा, तू, अजून एक जण लिहायला, एक फोटो काढायला, आणि नाना. बस्स. जास्त माणसं नकोत, जास्त माणसं आली की परत मतदान.

फोटो नंबरसकट ग्रुपवर टाक, आणि पंधरा दिवसांची मुदत दे, आपलं असेल तर सांगा, नाहीतर क्लबचं धरू. जे ग्रुप सोडून गेलेत त्यांना फोन कर, मेसेज नाही, फोन. मग कमिटीत ठराव घ्या की रजिस्टरमधले अमुक ते अमुक नंबर निर्लेखित करायचे, म्हणजे नोंदीतून कायमचे काढून टाकायचे, इतिवृत्तात लिहा, सह्या घ्या. तुमची संस्था नोंदणीकृत असली तर ऑडिटला हेच विचारतात, आणि नसली तरी पुढच्या वर्षी 'ते कुठे गेलं' असं कोणी म्हटलं तर दाखवायला पान असतं.

ठराव झाला की इलेक्ट्रिशियनच्या टेपचे तीन रंग आण. हिरवी राहणार, पिवळी दुरुस्ती, लाल जाणार. प्रत्येक वस्तूवर टेप, आणि टेप धूळ पुसून लाव, आमच्या बाद दोराला सुद्धा लाल टेप होती, ती धुळीखाली होती म्हणून तर सगळं रामायण. सफाईच्या दिवशी कोणी विचारलं 'याचं काय करायचं' तर उत्तर एकच, टेप बघ.

आता नाना.

तू लिहितेस ते बोटी वर पत्र्याला बांधतात, सोडवायला अर्धा तास जातो. तू त्यांना कधी विचारलंस का, का बांधता? नाशकात राहून हा प्रश्न पडू नये खरं तर. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की आपण सगळे काय विचारतो, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं, गुडघ्याला का कमरेला का छातीला. २००८ ला, २०१६ ला, २०१९ ला पुरात काय झालं ते सराफ बाजारातल्या कुठल्याही दुकानदाराला विचार. तुमची शेड नदीकाठी आहे. रिकामी कयाक जमिनीवर असली आणि आत कमरेएवढं पाणी आलं तर ती तरंगते, शटर अर्धं उघडंच असतं तुमचं, मग ती निघते रामकुंडाच्या दिशेने, आणि नशीब असेल तर नांदूर मध्यमेश्वरच्या अभयारण्यात पक्षी बघत थांबते. नानांनी हे बघितलेलं असणार किंवा त्याच्या जवळपासचं काहीतरी बघितलेलं असणार. तुम्हाला जो पसारा दिसतो त्यातला बराच भाग त्या माणसाची पूररेषा आहे.

त्यामुळे नानांना आवरायचं वगैरे डोक्यातून काढ. पहिल्या फेरीत त्यांच्या हातात ऑइल पेंटचा डबा आणि ब्रश दे आणि सांग, नाना, आजवरचं सगळ्यात जास्त पाणी कुठपर्यंत आलं तिथे भिंतीवर पट्टा मारा. त्या पट्ट्याच्या खाली फक्त भिजलं तरी चालेल अशा गोष्टी राहतील, पाण्यावर तरंगत ठेवायचे बोये, प्लास्टिकचे क्रेट, बादल्या. पट्ट्याच्या वर लाईफ जॅकेट, फर्स्ट एड, कागदपत्रं, सेफ्टी बोटीचं इंजिन असेल तर ते. कुठल्याही आर्किटेक्टला विचारायची गरज नाही, तुमचा नकाशा त्या पट्ट्याने झाला.

पण नाना पूर्ण बरोबर नाहीत, हे पण सांगते. त्यांची मांडणी पावसाळ्यापुरती बरोबर आहे. एप्रिल मे मध्ये पत्र्याच्या लगत हात लावून बघ, भाजतो. तुमच्या प्लास्टिकच्या कयाक म्हणजे गच्चीवरची काळी टाकी ज्या पद्धतीने बनते ना, साच्यात प्लास्टिकची पावडर घालून, तापवत फिरवत, त्याच पद्धतीने बनतात, आणि तेच प्लास्टिक तापलं की मऊ पडतं. वर पत्रा तापलेला, खाली दोनच दोरांवर बोटीचं सगळं वजन, म्हणजे जिथे दोर तिथे पोचा पडणार. तुमच्या जुन्या बोटी पाण्यात एका बाजूला ओढतात अशी तक्रार असेल, असणारच, तर तळाला हात फिरवून बघ. बरं, अशा पोच्यांपैकी बरेच परत निघतात, बोट उन्हात ठेवायची, प्लास्टिक कोमट झालं की आतून हळू दाबायचं, कधी कधी नुसत्या उन्हानेच जागेवर येतं. तेव्हा पोचा पडला म्हणून लगेच लाल टेप लावू नका.

म्हणून वर्षात दोन मांडण्या करा. जूनच्या आधी पावसाळी, बोटी पट्ट्याच्या वर आणि बांधलेल्या. पाऊस गेला की उन्हाळी, बोटी खालच्या रॅकवर. आणि नानांच्या सोळा गाठींच्या जागी बकलवाले पट्टे घ्या, टेम्पोवाले सामान आवळायला वापरतात तसले, एका अंगठ्याने सुटतात. नानांना गाठी सोडायला सांगू नका, पट्टा ओढून दाखवायला सांगा.

रॅकचं म्हणशील तर सातपूर किंवा अंबड एमआयडीसीतल्या कुठल्याही फॅब्रिकेटरकडून अँगलचे करून मिळतात, फक्त माप आधी घ्या. स्प्रिंट शर्यतीची एकट्याची कयाक, म्हणजे के-वन, ५.२० मीटर लांब असते, दोघांची के-टू ६.५० आणि चौघांची के-फोर तब्बल ११ मीटर, म्हणजे के-फोर एकदा चुकीच्या बाजूने आत घातली की शेडमध्ये वळवता येत नाही, परत बाहेर काढूनच फिरवावी लागते, हे गणित जमिनीवर खडूने काढून बघा. बोट एका कुशीवर नाहीतर उलटी ठेवायची, बसायच्या जागेच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन रुंद आधार, त्यांवर एसीच्या पाइपला लावतात तो काळा फोम नाहीतर जुन्या सतरंजीचे तुकडे. टोकाच्या हँडलला लटकवून ठेवायची नाही, ते हँडल उचलायला आहे, टांगायला नाही. आतलं पाणी काढून, झाकणं सैल ठेवून मगच वर, नाहीतर पुढच्या वेळी उघडलं की कुबट वासाने डोकं उठतं.

लाईफ जॅकेटवर मात्र नानांशी भांडायला मागेपुढे बघू नको. 'अजून चांगलं आहे' हे वाक्य तिथे चालणार नाही. आतला फोम वर्षानुवर्षं दाबून, उन्हात वाळवून, एकावर एक रचून बसतो, बाहेरून कापड छान दिसतं आणि आतली उचल कमी झालेली असते. साधी परीक्षा सांगते. जॅकेटच्या आतल्या लेबलवर न्यूटनमध्ये आकडा असतो, मोठ्या माणसाच्या पॅडलिंगच्या जॅकेटवर बहुतेक ५०. ५० न्यूटन म्हणजे पाण्यात साधारण ५ किलो उचलायची ताकद. किराणावाल्याकडचं ५ किलोचं लोखंडी वजन जॅकेटला घट्ट बांधून काठाजवळ पाण्यात सोड, लोखंड पाण्यात थोडं हलकं होतं, साडेचारच्या आतच भरतं, म्हणजे धडधाकट जॅकेटने ते आरामात वर ठेवायला हवं. जेमतेम तरंगलं तर पिवळीही नाही, सरळ लाल टेप. बुडालं तर बोलायलाच नको. वजनाला वेगळी दोरी बांधून ठेव, नाहीतर किराणावाल्याला काय सांगशील. लेबलच वाचता येत नसेल, शिवण उसवली असेल, बकल तुटलं असेल तर परीक्षाही नको.

आणि लाल टेपवालं जॅकेट आख्खं भंगारात द्यायचं नाही. पट्टे कापा, मधोमध कात्री चालवा, मग द्या. नाहीतर ते कुठूनतरी फिरून कुठल्यातरी बोटिंगच्या जागी पर्यटकाच्या पोराच्या अंगावर दिसेल.

त्या तीन लांब वल्ह्यांचं. नाशकात पाण्यावरचं काहीही निघालं की लोक दत्तू भोकनळचं नाव घेतात, घ्यावंच, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा पोरगा २०१६ ला रिओला जाऊन ऑलिंपिकमध्ये तेरावा येतो आणि २०१८ च्या एशियाडला चौघांच्या बोटीत गोल्ड आणतो. पण तो रोइंगवाला, जायच्या दिशेला पाठ करून, बोटीला अडकवलेल्या वल्ह्यांनी. तुम्ही पॅडलवाले, तोंड पुढे, पॅडल हातात. ती वल्ही म्हणजे बहुतेक कोणा रोइंगवाल्यांची तुमच्याकडे राहिलेली अमानत. शहरातल्या रोइंगवाल्यांना फोटो पाठव, ओळख पटली तर पोचती करा, त्यांच्याकडे पण तुमची चार पॅडलं पडलेली निघतील बघ.

फायबरच्या फुटक्या बोटींचं आधीच सांगून ठेवते कारण इथे सगळे फसतात. प्लास्टिकची कयाक भंगारवाला घेतो, ते वितळवता येतं. फायबर वितळत नाही, म्हणून तो त्याला हातही लावत नाही, उलट पैसे मागेल. दुरुस्त होण्यासारखी असेल तर पिवळी टेप आणि अंबडला फायबरचं काम करणाऱ्याकडे, नसेल तर मधून कापून मातीने भरा, दारात गुलबक्षी लावा, मला चेष्टा वाटत नाही यात. कापताना मात्र उघड्यावर, पाणी मारत, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि चांगला मास्क, ती धूळ अंगाला खाजवते आणि छातीत जाऊन बसते. घंटागाडीत तुकडे कोंबायचे नाहीत, महापालिकेच्या तुमच्या विभागाच्या ऑफिसात आधी विचारा.

फायबरवरून आठवलं, कोपऱ्यात फायबरच्या दुरुस्तीला लागणाऱ्या रेझिनचे डबे असतील. त्यासोबत दोन छोट्या बाटल्या असतात, एक हार्डनर, पाण्यासारखा, आणि एक जांभळट रंगाचं कोबाल्टचं औषध. या दोन बाटल्या एकमेकींत ओतायच्या नाहीत, एका क्रेटमध्ये ठेवायच्या नाहीत, एकाच बादलीत रिकाम्या करायच्या नाहीत, थेट एकत्र आल्या तर भडका उडतो, स्फोट सुद्धा होतो. सफाईच्या उत्साहात 'दोन्ही थोडं थोडं उरलंय, एकात करू' म्हणणारा एक तरी हौशी माणूस असतोच. लेबल नसलेली बाटली उघडून वास घ्यायचा नाही. यादीच्या फेरीतच या वस्तू वेगळ्या काढ, दूर दूर, सावलीत, आणि फायबरवाल्यालाच बोलावून द्या, त्याला त्याचं कसं करायचं ते कळतं. सेफ्टी बोटीसाठी आणलेलं जुनं पेट्रोल कॅनमध्ये असेल तर तेही शेडच्या बाहेर. इतकं सगळं प्लास्टिक आणि फोम एका पत्र्याखाली, आणि शेजारी पेट्रोल, मला लिहितानाच कसंतरी होतंय.

उचलायच्या दिवसाचं फार काही सांगायचं उरत नाही, कारण कठीण काम झालेलं असेल. 'सगळ्यांनी यायचंय' असा मेसेज टाकू नको, सगळ्यांनी म्हणजे कोणीच नाही. एकेकाला फोन करून नेमकं काम सांग, तू साडेसात ते दहा, चौघं मिळून बोटी बाहेर, तू दहा ते साडेबारा, रॅकवर फोम. आत एका वेळी चारच माणसं. पोरांना आत सोडू नका, त्यांना बाहेर जॅकेटं धुवायला बसवा, साधा साबण, सावलीत वाळवण. सकाळी चहा पोहे जागेवरच, आणि मिसळ एक वाजता, काम झाल्यावर, तर्री, पापड, ताक आणि नंतर घरी जाऊन झोप. नऊ वाजता मिसळ खाऊ घालून काम मागणं ही तुमच्या कमिटीची चूक, पळालेल्या चौघांची नाही, मी पण पळाले असते.

सर्पमित्राचा नंबर आदल्या रात्री सेव्ह कर. कयाकची बसायची जागा म्हणजे घोणस, नाग सगळ्यांना आवडणारी खोली, काळोख, गारवा आणि उंदीर. बोटीत हात घालायच्या आधी काठी आपटायची, टॉर्च मारायची, हातात जाड मोजे, पायात बूट, चपला घालून आलेल्याला बाहेर उभं करायचं. वरच्या कोपऱ्यात गांधीलमाश्यांचं पोळं आहे का तेही बघून ठेव, ते भर गर्दीत कळू नये.

उंदरांचं विचारलंस तर औषध नको. औषध खाल्लेला उंदीर मरायला बोटीच्या शेपटीकडच्या अरुंद कप्प्यात जातो, जिथे तुझा हात पोचत नाही, आणि मग ती बोट महिनाभर कोणी घेत नाही. बसायच्या जागेला कापडाची घट्ट झाकणं शिवून घ्या, पत्र्याच्या फटींना जाळी मारा, शेडमध्ये बिस्किटाचे पुडे ठेवणं बंद करा. लेंड्या दिसल्या की कोरडा झाडू मारायचा नाही, आधी ब्लीचिंगचं पाणी शिंपडायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग ओल्या फडक्याने. उंदराच्या मुताने लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप होतो, पायाला जखम असेल त्याने त्या दिवशी बाहेरचं काम घ्यावं.

आता ते पॅडलांचं, जे मी मुद्दाम मागे ठेवलं.

भंगारवाल्याकडे एकदा जाऊन ये, लाकूड म्हणून कोणीतरी उचललं असेल तर नशीब, पण वर्ष झालंय, आशा धरू नको. मग त्या मेंबरच्या घरी जा. ग्रुपवर सॉरी नाही, फोनवर नाही, घरी. बरोबर कमिटी नको, नानांना घेऊन जा, त्याचे वडील क्लबात असतील तर नानांनी त्यांच्याबरोबर पॅडल मारलेलं असेल, तिथे आठवणी निघतील, निघू देत. गडबडीत झालं, कोणी दिलं कळलं नाही, पाऊस येत होता, यातलं काही सांगू नको. दिली, आमच्याकडून गेली, एवढंच. नवीन पॅडल घेऊन जाऊ नको, पेढे तर अजिबात नको. रजिस्टर घेऊन जा. कोरं. त्याच्यासमोर पहिल्या पानावर नंबर एक म्हणून लिही, लाकडी पॅडल, नग दोन, अमुक यांच्या वडिलांची, क्लबच्या चुकीने विकली गेली, आणि तारीख. तू सही कर. तो सही करेल न करेल, क्लबात परत येईल न येईल, ते त्याच्यावर सोड, आणि परत ये म्हणून गळ घालू नको. पण 'कोणाचं आहे' हा रकाना क्लबाने का सुरू केला हे त्याला पानावर दिसलं पाहिजे, आणि पुढच्या सेक्रेटरीलाही, जी तुझ्यासारखीच मीटिंगला उशिरा पोचेल.

राहिलं शटर. तू 'शेपटी' बाहेर येते लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. ड्रॅगन बोटीचं धूड साडेबारा मीटरच्या आसपास असतं, आणि डोकं नि शेपटी त्या मापात धरत नाहीत, कारण ती बहुतेक बोटींना वेगळी बसवलेली असतात, शर्यतीला लावायची आणि एरवी काढून ठेवायची. तुमच्याकडे बाहेर येतंय ते धूड आहे का नुसती शेपटी, टेप लावून मोज. शेपटी असेल तर मुळाशी बोल्ट असतील, गंजलेले, शनिवारी रात्री त्यावर तेल सोडून ठेव आणि रविवारी नानांना १३ नंबरचा पाना द्या, नाही बसला तर १७.